सन्माननीय घोरपडी

एका जंगलात पुष्कळ घोरपडी राहत होत्या. जंगल कुठे होतं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही गोष्ट रंगात आली की मध्येच विचाराल. ते जंगल त्र्यंबकराव हुपरीकर नावाच्या एका निवृत्त हेडमास्तरांच्या डोक्यात होतं.

हसू नका, बाळांनो. प्रत्येकाच्या डोक्यात जंगल असतं. तुमच्याही आहे, फक्त तुमचं अजून वाढतं आहे. त्या जंगलातल्या झाडांना मोठी माणसं मज्जापेशी म्हणतात. वर फांद्या, खाली एक लांबच लांब मूळ. फांद्यांनी ऐकायचं आणि मुळाच्या टोकाने पुढच्या झाडाला सांगायचं, एवढाच त्या झाडांचा उद्योग. या सांगासांगीतूनच माणसाला कळतं की हा चहा आहे, हा जिना आहे आणि ही आपली मुलगी आहे.

आपल्या गोष्टीतल्या झाडाकडे मुलीचं काम होतं. त्र्यंबकरावांची एकुलती एक मुलगी वैजयंती दारात दिसली, की "वैजू" हे नाव पुढच्या झाडाला द्यायचं. मुळाच्या टोकाशी एक बेडूक बसलेला असे. वरून निरोप आला की तो गळा फुगवून "वैजू" म्हणून ओरडायचा. शिकलेली माणसं म्हणतील, असं एका झाडाकडे एकच नाव नसतं. त्यांना म्हणावं, तुमची गोष्ट तुम्ही सांगा, ही माझी आहे.

निरोप क्षणात यायचा, पण बेडकाला पोट होतं. त्याचं जेवण वरच्या खोडात शिजे आणि तिथून मुळाच्या टोकापर्यंत एक करकोचा डबा घेऊन जाई. मूळ आतून पोकळ. त्या पोकळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबू टाकलेले होते आणि त्यांच्यावरून करकोचा एक पाय, मग दुसरा पाय, असा तोल सांभाळत चालायचा. बांबू जागेवर असले तर डबा पोचे. डबा पोचला तर बेडूक ओरडे. बेडूक ओरडला तर वैजू ही वैजू असे.

आता बांबू म्हटले की ते बांधायला हवेत. दोरी तर नव्हती. मग घोरपडी होत्या. घोरपडीची पकड कशी असते हे महाराष्ट्रातल्या मुलांना सांगायला नको. एक बांबू पुढच्या पायांत, दुसरा मागच्या पायांत, अशा त्या जागोजागी चिकटून बसलेल्या असत. त्यांच्याकडे कोणी बघत नसे. त्याही कोणाकडे बघत नसत.

पण नुसतं धरून ठेवूनही चालत नाही. जुना बांबू बदलायचा असतो, करकोच्याकडे कधी मोठा डबा असतो, तेव्हा घोरपडीला जरा बाजूला व्हावं लागतं. त्यासाठी एक माकड ठेवलेलं होतं. त्या माकडाजवळ तीन लाडवांची शिदोरी असे. तिसरा लाडू फोडायचा आणि त्याचा टिळा घोरपडीच्या कपाळाला लावायचा. लाडवाचा वास नाकात गेला की तिची पकड आपोआप सैल होई. टिळा म्हणजे "सोड", बस.

काम झालं की मागून एक अस्वलीण यायची आणि आपल्या खरखरीत जिभेने टिळा चाटून टाकायची. चाटलं म्हणजे "धर". घोरपड पुन्हा चिकटायची. माकडाने लावायचा, अस्वलिणीने चाटायचा, दिवसभर हेच चाललेलं. या टिळ्याला मोठी माणसं फॉस्फेट म्हणतात आणि तो लावण्याला फॉस्फोरिलेशन. हे नाव नीट उच्चारेपर्यंत माकडाचे दहा टिळे लावून होतात.

टिळा वाईट होता असं समजू नका. मुळाच्या पोकळीत बांबूंच्या मधून बारीक वेतही उभे होते. त्यांना माकड भरपूर टिळे लावायचं, आणि टिळे लागले की एक वेत दुसऱ्याला जवळ उभा करत नसे. मानकरी मानकऱ्याला कधी जवळ उभा करतो का? त्या फटकून राहण्यामुळे मूळ आतून रुंद राही आणि झाडाचा निरोप झपाट्याने जाई. वेतांची ती मिजास झाडाच्या कामाची होती.

सगळं ठीक चाललं होतं. पण त्र्यंबकरावांना दोन कान होते आणि ते स्वतःची भाषणं स्वतः ऐकायचे.

निवृत्त झाल्यावर त्र्यंबकराव गावच्या सत्कार समितीचे अध्यक्ष झाले होते. समितीला दर शनिवारी कोणीतरी लागे. दहावीत पहिली आलेली मुलगी, पोहण्यात दुसरा आलेला मुलगा, काशीला जाऊन आलेलं जोडपं, काशीला जाता जाता परत आलेलं जोडपं. सगळ्यांना शाल, श्रीफळ आणि वर अर्धा तास त्र्यंबकराव. एका गोष्टीचा मात्र त्यांना मनापासून राग होता. शाल खांद्यावर पडते न पडते तोच लोक ती काढून, घडी घालून मांडीवर ठेवत.

एका शनिवारी वायरमन गेनूभाऊंचा सत्कार होता. गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसला होता, त्याबद्दल. गेनूभाऊंच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि त्याच क्षणी दिवे गेले.

गेनूभाऊ सवयीने उठले. शाल काढायला लागले.

"कुठे निघालात?" त्र्यंबकराव म्हणाले.

"फ्यूज बघून येतो, सर. इथंच मागं हाय पेटी."

"बसा. दिलेला मान असा उतरवायचा नसतो. जो उतरवतो, तो देणाऱ्याचा अपमान करतो."

"पण सर, अंधार..."

"अंधार होतच असतो. बसा."

गेनूभाऊ बसले. शाल अंगावर, नारळ मांडीवर. ज्याला दिवे लावता येत होते तो पहिल्या खुर्चीत गप्प बसला आणि सगळं गाव अंधारात बसलं. माइक बंद होता, तरी त्र्यंबकराव बोलत राहिले. विषय होता, प्रकाशाचे उपासक. शेवटी टाळ्या वाजल्या, आणि अंधारात कोण वाजवत नाही हे दिसत नसल्यामुळे त्या जोरदारच समजल्या गेल्या.

त्यांचं ते वाक्य त्यांच्याच कानातून आत गेलं आणि जंगलात घुमलं. दिलेला मान उतरवायचा नसतो.

माकडाच्या हातात त्या वेळी लाडू होता. ते थबकलं.

"अरे," ते म्हणालं, "म्हणजे इतके दिवस मी मान देत होतो?"

बाळांनो, आपण आजवर जे केलं त्याला काहीतरी मोठं नाव आहे, असं कळल्यावर भल्याभल्यांचं डोकं फिरतं. ते तर माकडच होतं.

तेवढ्यात अस्वलीण आली. समोर सगळ्यांत थोरली घोरपड होती. तिला नुकताच टिळा लागला होता.

"आण कपाळ," अस्वलीण म्हणाली.

थोरलीने मान मागे घेतली. "हात लावू नका. हा माझा सन्मान आहे."

"मी हात कुठे लावते? जीभ लावते. आण इकडे, बांबू हलायला लागलाय."

"देणाऱ्याचा अपमान होईल."

"देणारा कोण, हा?" अस्वलिणीने माकडाकडे पाहिलं. "अगं, त्याने तो तुला बाजूला हो म्हणून लावलाय."

"असं तुम्हाला वाटतं," माकड म्हणालं. "तुम्हाला दुसऱ्याचं कपाळ बघवत नाही, दुसरं काही नाही."

हे सगळ्या घोरपडींनी ऐकलं. थोरलीच्या कपाळावर टिळा राहिला, आणि आपल्या नाही, हेही सगळ्यांनी पाहिलं. एवढा जन्म त्यांनी एकमेकींकडे पाहिलं नव्हतं. आता बघायला सुरुवात झाली.

"आम्ही काय कमी धरलं?" मधल्या बांबूवरची म्हणाली.

"मी तर वळणावर धरते. तिथे ताण जास्त असतो," दुसरी म्हणाली.

माकड मनाने वाईट नव्हतं. त्याला कोणाला दुखवता येत नसे, आणि समाजाचं निम्मं वाटोळं असल्याच माणसांनी केलेलं आहे. त्याने वळणावरच्या घोरपडीला टिळा लावला. मग वळणाअलीकडच्या आणि पलीकडच्या. सगळ्यांना एकेक झाल्यावर थोरली रुसली, कारण सगळ्यांना असलेली गोष्ट मान कशी असेल? मग तिला दुसरा लावला. त्याला विशेष सन्मान म्हणायचं ठरलं. लगेच बाकीच्यांनाही विशेष हवा झाला. कपाळं भरली तेव्हा माकड पाठीवर गेलं, पाठी भरल्यावर शेपटीवर. शेपटीच्या टोकाला लावत त्याला जीवनगौरव म्हणायचे.

अस्वलिणीचं काय करायचं, हा प्रश्न होताच. ती येता-जाता एखादीचं कपाळ चाटून टाकायची आणि जिचं चाटलं ती रडत बसायची. शेवटी तिला कामातून मुक्त करायचं ठरलं. रीतसर निरोप समारंभ झाला. माकडाने तिच्या सेवेचा गौरव केला आणि तिच्या नाकावर टिळा लावला.

अस्वलिणीने जीभ बाहेर काढली आणि तो तिथल्या तिथे चाटून टाकला.

"बघितलंत?" माकड म्हणालं. "मी म्हणत नव्हतो?"

तिला मुळाच्या बाहेर घालवलं.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. टिळा म्हणजे "सोड". तुम्ही त्याला काहीही म्हणा, पायांना ते कळत नाही. घोरपडींची पकड सुटत गेली. बांबू आधी थोडे हलले, मग सरकले, मग मधूनमधून निखळले.

आणि घोरपडी? त्यांची जातच धरण्याची. बांबू सुटला तरी ती खोड जाते कुठे? बांबू नाही तर त्यांनी एकमेकींना धरलं. हिचा पाय तिच्या पाठीवर, तिची शेपटी हिच्या गळ्यात. टिळ्यांचा लाडू तसा चिकटच असतो. पोकळीच्या बरोबर मधोमध त्यांचा एक मोठा गुंता झाला. डॉक्टर त्याला गुंताच म्हणतात. घोरपडी त्याला व्यासपीठ म्हणायच्या.

व्यासपीठावर सगळ्या होत्या आणि खाली कोणी नव्हतं. म्हणून करकोचा डबा घेऊन येताना दिसल्यावर त्यांना आनंद झाला.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "पुढे जागा आहे."

"मला बसायला वेळ नाही हो. वाट द्या. आणि बांबू धरा कोणीतरी, माझा पाय कुठे ठेवू?"

"धरणं आता आमच्याकडे नाही," एक घोरपड म्हणाली. "आम्ही मार्गदर्शन करतो."

"मग करा. मी जाऊ कुठून?"

यावर घोरपडींनी आपसात विचार केला आणि करकोच्याला आभारप्रदर्शनाची संधी द्यायचं ठरवलं.

डबाही आता हलकाच होता. डब्यात जायचे ते लाडूही सगळे टिळ्यांत गेले होते. आहे तो डबा चोचीत धरून करकोचा गुंत्याअलीकडे उभा राहिला आणि पलीकडून बेडकाची हाक आली.

"डबा आला का रे?"

"आलाय," करकोचा म्हणाला. "वाट नाही."

"लवकर बघ. आवाज बसत चाललाय."

जंगलाबाहेर, त्र्यंबकरावांच्या घरी, वैजू यायची. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. आधी त्र्यंबकराव तिला "वैजू" म्हणायचे. मग एकदा त्यांनी तिला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि दोघंही हसले. पुढे "अगं ए" म्हणायला लागले. पुढे नुसतं "बाळ". वैजूला बरं वाटलं. जन्मभर हेडमास्तर असलेले बाबा म्हातारपणी लाडात आले, असं तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं. मला हे सांगताना त्रास होतो, पण गोष्ट तशीच आहे.

करकोच्याला राहवलं नाही. तो गुंत्याच्या कडेला गेला आणि थोरल्या घोरपडीला म्हणाला, "आक्का, बेडूक उपाशी आहे. पोरगी दारात उभी राहते आणि नाव पोचत नाही. तुम्ही सगळ्यांत जुन्या. तुम्ही उतरा, बाकीच्या उतरतील."

थोरलीने आपल्या सुटलेल्या बांबूकडे पाहिलं. तिला वैजूचं नाव माहीत होतं. वैजू पाळण्यात होती तेव्हापासून ती तो बांबू धरून होती.

"अस्वलीण कुठे आहे?" तिने हळूच विचारलं.

"बाहेरच बसलीय. बोलावू?"

"बोलाव. पण पहिला टिळा राहू दे म्हणावं. बाकीचे चाट."

अस्वलीण आली. ती थेट जिभेने कामाला लागली. दोन टिळे गेले तशी थोरलीच्या पुढच्या पायात जुनी ताकद आली. तिने पाय बांबूकडे लांब केला. तो पोचला नाही, कारण तिच्या मागच्या पायाला दुसरीने धरलं होतं, दुसरीला तिसरीने आणि तिसरीला सगळ्यांनी.

"आक्का, तुम्ही उठलात तर शोभा जाईल," त्या म्हणाल्या.

"अगं, सोडा मला. बांबू पडतोय."

"पडू दे की. तुम्ही बसा."

माकडाने तेवढ्यात तिला तीन टिळे नवे लावले. थोरलीचा पाय बांबूपाशी जाऊन परत आला. मग बांबू मोडला. त्याच्यामागून शेजारचा मोडला. करकोचा कसाबसा वर पळाला, आणि मुळाच्या टोकाला बेडकाने पुन्हा डब्याचं विचारलं नाही.

इथे मी शास्त्रज्ञांवर अन्याय करणार नाही. टिळे फार झाले की पकड सुटते आणि गुंता होतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे. ही सगळी पडझड सुरू कुठून होते, हे त्यांना अजून पुरतं कळलेलं नाही, आणि ते तसं प्रामाणिकपणे सांगतात. भाषणामुळे होते, असं ते म्हणत नाहीत. ते मी म्हणते, कारण मी भाषणं ऐकलेली आहेत.

त्र्यंबकरावांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा समितीने त्यांचाच सत्कार ठेवला. हॉल भरला होता. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत त्र्यंबकराव, शेजारी वैजू. गेनूभाऊ पंख्याच्या बटणापाशी उभे होते. खांद्यावर शाल आली, मांडीवर श्रीफळ आलं, गळ्यात हार आला. मे महिना होता. त्र्यंबकरावांना घामाच्या धारा लागल्या.

वैजूने हळूच शालीला हात घातला. "काढून ठेवते, हं. उकडतंय किती."

त्र्यंबकरावांनी तिचा हात धरला. डोळे अगदी स्वच्छ होते.

"दिलेला मान असा उतरवायचा नसतो," ते म्हणाले. हे वाक्य त्यांना पाठ होतं. ते दुसऱ्या झाडावर होतं आणि त्या झाडाला काहीच झालेलं नव्हतं. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि आदराने विचारलं, "बाई, आपण कोण?"

"बाबा, मी वैजू."

"छान नाव आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "कोणी ठेवलं?"

"तुम्हीच," वैजू म्हणाली.

तेव्हा निवेदकाने काहीतरी म्हटलं आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. त्र्यंबकरावांनी सगळ्यांना नमस्कार केला. वैजूलाही केला. टाळ्यांचा आवाज त्यांच्या कानातून आत जंगलात गेला. तिथे बांबू नव्हते, करकोचा नव्हता, बेडूक नव्हता. गुंत्यातल्या घोरपडींनी तो ऐकला आणि आपल्यासाठीच आहे असं समजून जमेल तेवढ्या माना लववून त्याचा स्वीकार केला.

तात्पर्य: हात कामात गुंतलेले असले तर नारळ घेता येत नाही. म्हणून शहाण्याने हातातलं आधी सोडावं आणि मग खुर्चीत बसावं. घर पडलं तरी चालेल, शाल पडता कामा नये. आणि कपाळ चाटायला कोणी अस्वलीण आलीच, तर तिचाही सत्कार करून टाकावा. तिने तो चाटून टाकला, तर ती मुळातच उद्धट होती हे सगळ्यांना दिसेल, आणि आपल्याला पोरीचं नाव आठवत नाही हे कोणाला दिसणार नाही.